‘द बर्थ ऑफ अ नेशन’ दाखवायचा असेल तर

चित्रपट रसास्वादाच्या कुठल्याही वर्गात आज ना उद्या १९१५ चा हा अमेरिकी मूकपट येतोच. मग बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. पाठ घेणारा म्हणतो, ‘आशय वर्णद्वेषी आहे, पण तंत्र पाहा’, दहा मिनिटांचा घोडदौडीचा तुकडा दाखवतो आणि पुढे सरकतो. आमच्या मते ही या पटाशी वागण्याची सर्वांत घातक रीत आहे. द्वेष कथेत आणि तंत्र निराळ्या खोलीत, अशी या पटाची रचनाच नाही. प्रेक्षकाच्या छातीत धडधड होते ती संकलनामुळे, आणि त्या धडधडीच्या क्षणी तो कुणाच्या बाजूनं उभा असतो, तर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेच्या. म्हणून पट दाखवायचा तर तंत्र आणि द्वेष एकाच टेबलावर उलगडायचे.

धोका किती खरा आहे हे आयोजकानं आधी समजून घ्यावं. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या पीटरसन आणि थर्स्टन यांच्या अभ्यासात इलिनॉय राज्यातल्या क्रिस्टल लेक गावच्या ४३४ विद्यार्थ्यांना हा पट दाखवला होता. पाहण्याआधी आणि नंतर, कृष्णवर्णीयांबद्दलचं त्यांचं मत एका मोजपट्टीवर मोजलं. जास्त आकडा म्हणजे जास्त अनुकूल मत. सरासरी ७.४१ वरून ५.९३ वर घसरली, आणि पाच महिन्यांनी पुन्हा मोजलं तरी ती मूळ जागी आलेली नव्हती. त्या गावात कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच. मुलांना जे कळलं ते पडद्यावरूनच. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रेक्षकांची परिस्थिती नेमकी हीच असते, म्हणून ‘हे अमेरिकेचं आहे, आपल्याला काय बाधणार’ असं समजू नये.

प्रत निवडताना

डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा हा पट १२ रिळांचा. साधारण सेकंदाला १६ चौकटींच्या वेगानं चालवला तर तीन तास दहा मिनिटांच्या आसपास भरतो. इंटरनेटवर दोन तासांच्या आसपासच्या प्रती सापडतात. तशी प्रत हाती आली तर दोन शक्यता असतात: पट कापलेला आहे किंवा २४ चौकटींच्या वेगानं पळवलेला आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे चालणारी माणसं बघा. पावलं टकटक उडत असतील, घोड्यांचे पाय शिवणयंत्रासारखे हलत असतील, तर वेग चुकलाय. व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.६७ वर आणा (१६ भागिले २४), चौकोनी कंसाच्या दोन कळांनी तो बारीक बारीक कमी-जास्त करता येतो. असं करताना आवाज मात्र बंद ठेवा, संगीत ताणलं जाऊन बिघडतं.

ही बाब निव्वळ हौशी चोखंदळपणाची नाही. पळवलेल्या प्रतीत सगळीच माणसं विदूषकी दिसतात. त्यात पटानं आधीच ज्यांना विदूषक केलंय, त्यांचं ते सोंग दुप्पट ठसतं. शिवाय ‘जुनं आहे, हसण्यावारी न्या’ अशी प्रेक्षकाला पळवाट मिळते. १९१५ च्या प्रेक्षकाला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

१९३० साली काढलेली आवाजाची आवृत्ती टाळा, ती आखूड आहे. मूळ पट आता कुणाच्या मालकीचा नाही, पण अलीकडच्या डिस्कवरचं नव्यानं ध्वनिमुद्रित केलेलं संगीत आणि जोडचित्रफिती यांवर हक्क असतात. कार्यक्रम सभासदांपुरता किंवा वर्गापुरता ठेवला तर कटकट कमी. प्रेक्षक ३० ते ४०, त्याहून जास्त नकोत, कारण पुढे कागदावर काम आहे. शाळकरी मुलं नकोतच.

आधीची २० मिनिटं

सुरुवात पटानं करू नका, तारखांनी करा. फळ्यावर इतकं पुरे: १८६५ ला अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी रद्द झाली. १८६५ ते १८७७ हा पुनर्रचनेचा काळ. घटनेच्या १३, १४ आणि १५ व्या दुरुस्त्यांनी मुक्ती, नागरिकत्व आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्या हक्काविरुद्ध क्लॅननं दहशत माजवली आणि १८७०–७१ च्या केंद्रीय कायद्यांनी ती पहिली क्लॅन मोडून काढली. १९०५ साली टॉमस डिक्सननं ‘द क्लॅन्समन’ या कादंबरीत हा सगळा इतिहास उलटा केला: मुक्त झालेले लोक राक्षस, क्लॅन तारणहार. ग्रिफिथचा पट त्याच कादंबरीवरचा. ग्रिफिथचे वडील दक्षिणेच्या बंडखोर सैन्यात कर्नल होते.

याच जागी मराठी प्रेक्षकांसमोर जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ ठेवा, शक्यतो खरोखर हातात घेऊन. ते पुस्तक १८७३ चं, म्हणजे ऐन पुनर्रचनेच्या काळातलं, आणि अर्पण केलेलं आहे गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ज्या घटनेकडे पुण्यात बसलेला माणूस आशेनं पाहत होता, तीच घटना चाळीस वर्षांनी पडद्यावर आपत्ती म्हणून रंगवली गेली. अर्पणपत्रिका मोठ्यानं वाचून घ्या. दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि पुढच्या तीन तासांसाठी प्रेक्षकाचे पाय जमिनीवर राहतात. वेळ असेल तर आणखी एक जोड द्या. ३ मार्च १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात हा पट लागला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुनर्रचनेचा काळ म्हणजे काळ्यांचा अनाचार, ही मांडणी प्रतिष्ठित करणारे इतिहासकार विल्यम डनिंग त्याच विद्यापीठात शिकवत. पडद्यावरचं खोटं हवेतून आलं नव्हतं, त्याला पदवीधारी आधार होता.

पाट्यांचा कागद

मूकपटात बोलतं ते टायटल कार्ड, म्हणजे मजकुराची पाटी. या पटाच्या पाट्या इंग्रजीत, अलंकारिक, आणि बऱ्याच वेळा लबाड आहेत. त्यातल्या १५–२० निवडून मराठीत उतरवा, दोन पानांत बसवा आणि प्रत्येकाला द्या. भाषांतर करताना शब्द मऊ करू नका, पण नवा अपमानही घालू नका. दोन वंशांच्या आईबापांच्या मुलासाठी पाटीत जो शब्द येतो त्याला ‘संकरित’ म्हटलं तर जनावराचा वास येतो. ‘मिश्रवंशीय’ लिहा आणि मूळ शब्द हिणवण्याचा आहे अशी टीप द्या.

तीन प्रकारच्या पाट्या वेगळ्या खुणेनं दाखवा. पहिला प्रकार, वूड्रो विल्सनच्या १९०२ च्या इतिहासग्रंथातली उद्धृतं. ती कापून-जोडून घेतलेली आहेत, पण खाली नाव बसलंय पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचं. दुसरा, ‘ऐतिहासिक प्रतिकृती’ असं सांगणाऱ्या. तिसरा, थेट शिकवण देणाऱ्या. झोपडीत अडकलेल्या गोऱ्यांबद्दल एक पाटी म्हणते की उत्तर आणि दक्षिणेचे जुने शत्रू आता आपल्या ‘आर्य’ जन्मसिद्ध हक्काच्या रक्षणासाठी एक झाले. या शब्दावर मराठी प्रेक्षकात हमखास चुळबुळ होते. होऊ द्या. इथे थांबून विचारा, हा शब्द आपण कुठे कुठे ऐकलाय आणि कुणाच्या तोंडून.

काय दाखवायचं

पूर्ण पट एका बैठकीत दाखवण्याच्या आम्ही विरोधात आहोत. तीन तास एकाच बाजूचा मारा झाला की शेवटी चर्चेला डोकं उरत नाही. तुकडे घ्या, मिळून सव्वा तासाच्या आत: सुरुवातीची दहा मिनिटं, लिंकनची हत्या, दक्षिण कॅरोलिनाचं विधिमंडळ, गस या कृष्णवर्णीय सैनिकानं फ्लोरा या गोऱ्या मुलीचा केलेला पाठलाग, शेवटची सुटका आणि तिच्यानंतरचं मतदान. प्रत्येक प्रतीत वेळा वेगळ्या पडतात, म्हणून दुसऱ्याच्या यादीवर विसंबू नका. आपल्या प्रतीवर बसून प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट तास-मिनिट-सेकंदात लिहून ठेवा.

लिंकनचा तुकडा वगळायचा मोह होतो, वगळू नका. पटाची फसवी युक्ती त्यातच आहे. फोर्ड नाट्यगृहाची प्रतिकृती बारकाईनं केलेली आहे आणि हत्येच्या घटनाक्रमात फारसं खोटं नाही. प्रेक्षकाचा विश्वास इथे कमावला जातो, आणि तो खर्च होतो विधिमंडळात.

विधिमंडळाचा तुकडा दोनदा दाखवा. आधी रिकामं सभागृह दिसतं, पाटी सांगते की ही छायाचित्रावरून केलेली प्रतिकृती आहे. मग त्याच चौकटीत, कॅमेरा न हलता, बाकं माणसांनी भरतात. एक सदस्य बूट काढून अनवाणी पाय टेबलावर टाकतो. दुसरा चोरून बाटली तोंडाला लावतो. कुणी खात बसलाय. सदस्यांनी बूट घालावेत असा नियम होतो. मग आंतरवंशीय विवाहाचा कायदा मंजूर होतो आणि लगेच माना वर वळतात, सज्जातल्या गोऱ्या बायकांकडे. पटाचं सगळं राजकारण या मानांच्या वळण्यात आहे: मताचा हक्क म्हणजे गोऱ्या बाईवर हक्क.

दुसऱ्यांदा दाखवताना माणसं उमटतात त्या क्षणी चित्र थांबवा आणि विचारा, पाटीचा दाखला कशापुरता होता? खोलीपुरता. माणसांचं वागणं कुठल्याही छायाचित्रात नाही. मग खरा तपशील द्या. त्याच राज्याच्या १८६८ च्या घटना परिषदेत १२४ पैकी ७६ प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते आणि तिथल्या घटनेनं सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली. त्या परिषदेतला रॉबर्ट स्मॉल्स हा युद्धात बंडखोरांचं ‘प्लँटर’ जहाज पळवून उत्तरेकडे नेणारा माजी गुलाम, आणि मोफत शाळांचा आग्रही. पटात अशा एकाही माणसाला जागा नाही.

मुख्य कृष्णवर्णीय पात्रं तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केली आहेत, हे तुकड्यांच्या मध्ये सांगा. मराठीत तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू करणं. इथे बेअब्रू होते ती ज्याचं सोंग घेतलं त्याची. यावर कुणीतरी हटकून विचारतं की फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये पुरुषांनी तारामती केली, मग फरक काय? प्रश्न चांगला आहे, उडवून लावू नका. फाळक्यांना स्त्रिया मिळेनात म्हणून साळुंके उभे राहिले. ग्रिफिथकडे कृष्णवर्णीय कलाकार होते, गर्दीत ते दिसतातही. गोऱ्या नटीला हात लावणाऱ्या भूमिका मात्र त्यांना द्यायच्या नव्हत्या.

तीन रकान्यांचं काम

हा कार्यक्रमाचा गाभा, याला तासभर द्या. शेवटच्या सुटकेत तीन धागे आहेत: एल्सी या गोऱ्या तरुणीला कोंडून ठेवणारा मिश्रवंशीय पुढारी सायलस लिंच, कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेढ्यातली गोऱ्यांची झोपडी, आणि क्लॅनची घोडदौड. आधी तुकडा सलग दाखवा, संगीतासह. मूळ प्रदर्शनात जोसेफ कार्ल ब्रीलच्या संगीतात घोडदौडीला जर्मन संगीतकार वाग्नरच्या वाल्किरींची धून वापरली होती. ती असलेली प्रत मिळाली तर उत्तम. मध्ये थांबवू नका, बोलू नका. दिवे लागल्यावर प्रत्येकानं एका ओळीत लिहायचं: घोडेस्वार वेळेत पोचावेत असं वाटलं का? बहुतेक जण ‘हो’ लिहितील आणि ओशाळतील. त्यांना सांगा की हे त्यांच्या मनाचं पाप नव्हे, ही पटाची करामत आहे, आणि आता आपण ती खोलणार आहोत.

मग तोच तुकडा आवाज बंद करून. पाच-पाच जणांचे गट, कागदावर तीन रकाने, आणि प्रत्येक शॉट बदलला की ज्या धाग्याचा शॉट त्या रकान्यात एक रेघ. एकानं सेकंद मोजायचे. शॉट फार भराभर बदलतात, पहिल्या खेपेला रेघा सुटतातच, म्हणून पाच मिनिटांचाच तुकडा घ्या आणि दोनदा चालवा. अडलं तर व्हीएलसीत ई ची कळ दाबून एकेक चौकट पुढे न्या. कागदावर आपोआप दिसतं की शॉट आखूड होत जातात, आणि घोडेस्वारांचा रकाना नेमका तिथे भरतो जिथे एल्सीचा चेहरा भीतीनं गोठलेला असतो. आता दुसरा प्रश्न द्या: भीती जवळून कुणाची दिसते? वेढा घालणाऱ्यांपैकी एकाचा तरी चेहरा माणूस म्हणून दिसतो का?

इथे होणारी चूक ठरलेली आहे. कुणीतरी म्हणतं की समांतर संकलन, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या घटना आलटून-पालटून दाखवणं, ग्रिफिथनं याच पटात शोधलं. तसं नाही. त्यानं स्वतःच ते १९०९ च्या ‘द लोनली व्हिला’सारख्या लघुपटांत वापरलं होतं, आणि तासाहून लांब पटही आधी झाले होते, ऑस्ट्रेलियात १९०६ साली, इटलीत ‘काबिरिया’ १९१४ साली. ‘सगळ्याचा जनक’ ही पदवी काढून घेतली की ‘एवढी मोठी कला, थोडं खपवून घ्या’ हा युक्तिवादही गळून पडतो.

सुटकेनंतरचा मतदानाचा प्रसंग अगदी छोटा आहे आणि हमखास सुटतो, कारण तोवर लोक सैलावलेले असतात. कृष्णवर्णीय मतदार घराबाहेर येतात. समोर बंदुका घेतलेले घोडेस्वार रांगेत उभे. ते पाहून लोक परत आत जातात. पट याला सुखान्त समजतो. हा तुकडा शेवटी, एकटा, निःशब्द दाखवा आणि एक मिनिट कुणी बोलू नये.

या सगळ्यात, सलग बघणं आणि रकाने भरणं यांच्या मध्ये कुणाला घरी जाऊ देऊ नका. अर्धा कार्यक्रम पाहून गेलेला माणूस क्रिस्टल लेकच्या मुलांच्याच अवस्थेत बाहेर पडतो.

पडद्याबाहेर काय झालं

दहा मिनिटांत सांगा, पण नेमकं. २५ नोव्हेंबर १९१५ च्या रात्री विल्यम सिमन्सनं अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर क्रॉस पेटवून क्लॅन पुन्हा उभी केली. ६ डिसेंबरला पट अटलांटात लागला. पेटता क्रॉस पहिल्या क्लॅनचा नव्हताच, तो डिक्सनच्या कादंबरीतून आणि मग पडद्यावरून आला. १९२० च्या दशकात क्लॅनची सभासदसंख्या लाखोंच्या घरात गेली, आणि भरतीसाठी हा पट तिनं वर्षानुवर्षं वापरला. २०२३ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेल्या अभ्यासात पटाचा गावोगावचा दौरा आणि हिंसेच्या नोंदी ताडून पाहिल्या आहेत: पट ज्या काउंटीत (जिल्ह्यात) पोचला तिथे त्याच सुमारास लिंचिंग, म्हणजे जमावानं खटल्याविना ठार मारणं, आणि वांशिक दंगली झपाट्यानं वाढल्या.

विल्सननं पट पाहून ‘विजेनं लिहिलेला इतिहास’ असं म्हटल्याचं वाक्य फलकावर लावू नका. १८ फेब्रुवारी १९१५ ला व्हाइट हाउसमध्ये खेळ झाला हे खरं, पण त्या वाक्याला तेव्हाचा पुरावा नाही. पुढच्या वर्षीचा ‘इंटॉलरन्स’ म्हणजे ग्रिफिथची माफी, हेही चूक. त्याची तक्रार होती आपल्यावर टीका करणाऱ्यांबद्दल.

‘तेव्हा सगळेच तसा विचार करायचे’ हे वाक्य येणारच. ‘सगळे’मध्ये कृष्णवर्णीय धरले नाहीत तरच ते खरं ठरतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेनं शहराशहरांत विरोध केला, बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय संपादक विल्यम मन्रो ट्रॉटरला थिएटरवरच्या निदर्शनात अटक झाली, ओहायो आणि कॅन्सस राज्यांनी पटावर बंदी घातली.

उत्तर म्हणून दुसरा पट

जेवणानंतर कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशोचा ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) पूर्ण दाखवा, ८० मिनिटांच्या आत संपतो. हा हरवलेला होता. स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ नावानं प्रत सापडली आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९३ साली तिची डागडुजी केली. बहुतेक इंग्रजी पाट्या स्पॅनिशवरून परत उतरवलेल्या आहेत, म्हणून त्यांच्या शब्दांवर बोट ठेवून वाद घालू नका. चित्रांवर बोला.

शेवटच्या भागात मिशो ग्रिफिथचंच हत्यार हाती घेतो. एकीकडे जमाव लँड्री या कुळ-शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला फासावर चढवतोय. दुसरीकडे एक गोरा माणूस त्यांच्या दत्तक मुलीवर, सिल्व्हियावर, हात टाकतोय. कट, कट, कट. या वेळी सुटकेला कुणी घोडेस्वार येत नाहीत. झटापटीत तिच्या छातीवरचा व्रण दिसतो आणि त्याला कळतं की ही आपलीच मुलगी. सकाळचाच तीन रकान्यांचा कागद काढा, या वेळी दोन रकाने पुरतात. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी लावा. तंत्र तेच, भीती कुणाची दिसते तेवढं बदललं.

पुण्यासारख्या शहरात आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी प्रेक्षकांत असू शकतात. पत्रकातच आशयाची स्पष्ट कल्पना द्या, आणि चर्चेत त्यांच्याकडे वळून ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारू नका. बोलायचं असेल तर ते बोलतील.

मोजणी शेवटी करायची, पण तिची तयारी सकाळीच. दारात प्रत्येकाला क्रमांक द्या, नाव नको. दहा विधानांचा कागद भरून घ्या, प्रत्येकापुढे १ ते ५ आकडे. तोच कागद संध्याकाळी, आणि तोच पाच महिन्यांनी टपालानं किंवा फोनवर. मतं खाली गेलेली दिसली तर आपला कार्यक्रम फसला असं समजा, आणि पुढच्या वेळी सलग दाखवायचा तुकडा निम्मा करून रकान्यांचा वेळ दुप्पट ठेवा.